कापसाच्या जिल्ह्यात वस्त्रविद्या

(परभणी येथे शिक्षक, पंचायत सदस्य व अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दिवाळीच्या आगेमागे मानवत किंवा सेलूच्या बाजाराकडे जाणारा रस्ता आपण सर्वांनीच पाहिलेला आहे. कापसाने शिगोशीग भरलेली वाहने, बाभळीच्या काट्यांना अडकून राहिलेला कापूस आणि जिनिंगच्या आवारातील पांढरे ढीग हे आपल्या जिल्ह्याचे वर्षानुवर्षांचे चित्र आहे. या चित्रातील एक हिशेब मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

एक क्विंटल कापसातून सरकी वेगळी केली म्हणजे साधारणपणे ३४ ते ३६ किलो रुई हाती येते. रुईची एक गाठ १७० किलोंची असते. म्हणजे एक गाठ बांधावयास सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहू शेतकऱ्याचे एका एकराचे पीक पुष्कळदा एवढेच असते. आता या गाठीचे सूत कातले, ते विणले, आणि वाटेत होणारी घट वजा केली, तर अर्धा किलो वजनाच्या अडीचशेहून अधिक सुती साड्या त्यातून निघू शकतात. एका एकरात अडीचशे साड्या उभ्या असतात, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. परंतु आपल्या गावाला मोबदला मिळतो तो फक्त पाच क्विंटल कापसाचा. सूत, वीण, रंग, नक्षी आणि शिलाई यांपैकी प्रत्येक पायरीवर जी किंमत वाढते, ती गाठीबरोबर जिल्ह्याबाहेर निघून जाते.

याला उत्तर म्हणून गिरण्या काढाव्यात, असे कोणी म्हणेल. गिरणी काढण्यास भांडवल लागते आणि ते आज आपल्या हाती नाही. परंतु वस्त्राची किंमत केवळ यंत्राने वाढत नाही, ती विद्येनेही वाढते. आणि ही विद्या शिकण्याची सोय परभणीतच आहे. म्हणूनच वस्त्रकला व वस्त्ररचना यांचे विद्यापीठीय शिक्षण हा मी आजच्या भाषणाचा विषय निवडला आहे.

हा अभ्यास म्हणजे शिवणकाम नव्हे

वस्त्रशास्त्र शिकणारी मुलगी म्हणजे शिवणाच्या वर्गाला जाणारी मुलगी, असा समज अजून पुष्कळ ठिकाणी आढळतो. शिवणकाम ही मोलाची कला आहे आणि तिच्यावर हजारो कुटुंबे चालतात. परंतु विद्यापीठातील हा अभ्यास त्याहून बराच व्यापक आहे.

त्याचा आरंभ तंतूपासून होतो. कापडाचा एक धागा जाळून पाहिला तर तो सुती, लोकरी की पॉलिस्टर हे कळते. सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होतो, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, आणि पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी बनते. शुद्ध सुती म्हणून मिश्र कापड गळ्यात मारणाऱ्या व्यापाऱ्याला ओळखण्यास एवढे ज्ञान पुरेसे आहे. त्यानंतर येतो सुताचा अंक. चाळीस नंबरचे सूत असे आपण सहज म्हणतो. एका पौंडात ८४० यार्डांच्या चाळीस लडी, म्हणजे ३३,६०० यार्ड सूत, असा त्याचा अर्थ आहे. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक.

पुढे विणीचा अभ्यास येतो. उभा धागा तो ताणा आणि आडवा तो बाणा. कोणता बाणा कोणत्या ताण्याच्या वरून जावा आणि कोणत्याच्या खालून, हे चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून ठरवावे लागते. नक्षी कागदावर सुंदर दिसणे पुरेसे नाही. ती मागावर उतरली पाहिजे, आणि तीन हात कापडात तिची पुनरावृत्ती कोठेही तुटता कामा नये. हे काम जितके चित्रकलेचे तितकेच गणिताचे आहे.

रंगाचा विषय आपल्या स्वयंपाकघरातच सुरू होतो. हळदीचा डाग साबणाने धुतला की तो तांबडा होतो, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. साबणातील अल्कलीमुळे हळदीतील रंगद्रव्य बदलते, हे त्यामागील कारण प्रयोगशाळेत समजते. सुती कापड निसर्गतः वनस्पतिज रंग सहज धरून ठेवत नाही. म्हणून जुने रंगारी कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवीत आणि मग त्याला तुरटी देत. हिरड्यातील टॅनिन कापडाला चिकटते, तुरटी त्याला धरते आणि रंग या दोहोंना धरतो. डाळिंबाची साल, बाभळीची साल, पळसाची फुले, मंजिष्ठा या सर्वांचा व्यवहार याच नियमाने चालतो. रंग पक्का आहे की नाही हे डोळ्यांच्या अंदाजावर सोडले जात नाही. धुण्यातील पक्केपणा एक ते पाच आणि उन्हातील पक्केपणा एक ते आठ अशा अंकांनी मोजला जातो. ज्या बचत गटाच्या ओढणीला असा अंक मिळालेला असतो, तिला मोठा खरेदीदार विचारतो. अंक नसलेली ओढणी जत्रेतच विकावी लागते.

आपल्या परिसराचा वारसा

मराठवाड्याला ही विद्या नवी नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील स्त्रीपुरुषांची वस्त्रे नीट पाहिली तर पट्ट्यापट्ट्यांच्या आणि नक्षीदार कापडांचे कितीतरी प्रकार तेथे दिसतात. गोदाकाठच्या पैठणने आपले नाव पैठणीला दिले. पैठणीच्या पदरावरील मोर आणि कमळ रंगीत बाण्यांची गुंफण करून हाताने विणले जातात, त्यामुळे अस्सल पैठणी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील हिमरू सुती ताण्यावर रेशमी नक्षी उठविते. तेथीलच मशरूमध्ये वरची बाजू रेशमाची, तर अंगाला लागणारी बाजू सुताची असते. निजामाच्या राजवटीत नांदेड-परभणी भागातील गावरानी कापसाला त्याच्या धाग्यासाठी नाव होते. परभणीच्या संशोधकांनी देशी कापसाचे सुधारित वाण निर्माण केले. ‘परभणी तुराब’ हा त्यांपैकीच एक.

हे सर्व वैभव आज सुरक्षित आहे, असे मात्र म्हणता येत नाही. हिमरूचे हातमाग आता मोजकेच उरले आहेत. एक म्हातारा विणकर गेला म्हणजे त्याच्या हातातील नक्षीही त्याच्याबरोबर जाते, कारण ती कागदावर कोणी उतरवून घेतलेली नसते. विद्यापीठातील विद्यार्थ्याने मागाजवळ बसून धागे मोजले, नक्षी चौकटीच्या कागदावर घेतली, रंगांचे नमुने चिकटविले, विणकराचे नाव लिहिले, तर पन्नास वर्षांनंतरही ते वस्त्र पुन्हा विणता येईल. जमिनीचा सातबारा जपणारे आपण लोक आहोत. कलेचाही सातबारा असावा लागतो.

गोधडीची गोष्ट

माझ्या अध्यापनाच्या काळात नव्या वर्गाच्या पहिल्या तासाला मी एक काम देत असे: उद्या येताना घरातील एखादे हाताने केलेले वस्त्र घेऊन या. मुली भरतकामाचे रुमाल, क्रोशाची तोरणे, आईचा शालू असे काहीबाही आणीत. एका वर्षी खेड्यातून आलेली एक मुलगी रिकाम्या हातांनी आली. विचारल्यावर म्हणाली, “बाई, आमच्या घरी तसं काही नाही. आजीच्या गोधड्या आहेत, पण त्या चिंध्यांच्या.” तिला मी गोधडीच आणावयास सांगितले.

चार दिवसांनी गोधडी आली. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवलेले, मध्ये काठांचे चौकोन, आणि कडेपासून आत आत येत जाणारा धावदोरा. आम्ही पट्टी घेऊन टाके मोजले. पट्टी कोठेही ठेवली तरी एका इंचातील टाक्यांची संख्या जवळजवळ सारखीच येत होती. ज्या आजीला अक्षरओळख नव्हती, तिच्या बोटांना मापाची ओळख होती. जिथे लुगडे अधिक विरलेले, तिथे तिने ओळी जवळ घेतल्या होत्या. नक्षी आणि मजबुती यांचा विचार तिने एकाच वेळी केला होता. या विद्येचे सार त्या गोधडीत होते. नव्हते ते एवढेच, की ती विद्या आहे हे घरात कोणी त्या मुलीला सांगितले नव्हते.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची एक वस्ती आहे. तीही कापसाच्या मुलखातील. तेथील कृष्णवर्णीय स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत आल्या. २००२ मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या, आणि आधुनिक चित्रकलेच्या तोडीची कला म्हणून त्यांची वाखाणणी झाली. २००६ मध्ये त्यांवर अमेरिकेची टपाल तिकिटे निघाली. शेजारच्या कर्नाटकातील संडूर येथील लंबाणी स्त्रियांच्या भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. आपल्या जिंतूर-गंगाखेड परिसरातील तांड्यांवर आरसे, कवड्या आणि रंगीत दोऱ्यांचे असे काम करणाऱ्या बंजारा भगिनी आहेत. त्यांचे टाके, त्या टाक्यांची नावे आणि नमुने यांची नोंद आपण केलेली आहे काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

येथे एक इशाराही दिला पाहिजे. शिकलेल्याने तांड्यावर जावे, नमुना घ्यावा, तो स्वतःच्या नावाने विकावा आणि मूळ करणारीला टाक्याचीच मजुरी द्यावी, असे घडता कामा नये. ज्या विद्येतून आजीचे नाव पुसले जाईल, ती विद्या आपल्याला नको. नोंदीत करणारीचे नाव आणि व्यवहारात तिचा वाटा, या दोन अटी या शिक्षणाचा भाग मानल्या पाहिजेत.

कलेचे काम आणि नित्याची गरज

वस्त्ररचना म्हणजे उंची साड्या आणि समारंभाचे पोशाख एवढेच नव्हे. शालेय गणवेशाचा विचार करा. २०२५-२६ पासून गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आली आहे. एका इयत्तेतील चाळीस मुलांची अंगकाठी चाळीस प्रकारची असते. त्यांच्यासाठी मोजक्या मापांचा संच कसा ठरवावा, कापडाची आकसण किती धरावी, कमीत कमी वाया जाईल असे कापड कसे बेतावे, हे शास्त्र आहे. शिवता येणे ही एक गोष्ट आणि मापांचा संच बसविता येणे ही दुसरी. ज्या बचत गटात ही दुसरी गोष्ट जाणणारी एक जरी भगिनी असेल, तेथे बाह्या लांब आणि छाती तंग अशा तक्रारी कमी होतील.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. संरक्षक पोशाख वापरा, असा सल्ला आपण देतो. परंतु ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट उकाड्यात अंगाला चिकटणारा प्लास्टिकचा पोशाख कोणीही दोन तास घालू शकत नाही, आणि जो पोशाख घातला जात नाही तो संरक्षण करीत नाही. घाम बाहेर जाऊ देणारे, औषधाचे थेंब आत न झिरपू देणारे, मजुराला परवडणारे आणि पुन्हा पुन्हा धुता येणारे कापड कसे असावे, हा वस्त्ररचनेचाच प्रश्न आहे. कापूस वेचणाऱ्या बाईच्या मानेला ओझ्याने रग लागू नये अशी झोळी कशी बेतावी, हाही त्यातलाच. कापसाच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांनी हे प्रश्न सोडवावयाचे नाहीत, तर कोणी?

शिक्षणाचा मार्ग

१८ मे १९७२ रोजी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. १९७६ मध्ये या विद्यापीठात गृहविज्ञान महाविद्यालय सुरू झाले, तेच आजचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय होय. तेथे बारावी विज्ञाननंतर चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. आहार, मानव विकास यांसारख्या शाखांबरोबर वस्त्र व परिधान रचनेचा स्वतंत्र विभाग तेथे आहे. प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेच्या मार्गाने होतो. अभ्यासक्रमातच ग्रामीण कार्यानुभवाचा भाग असल्याने विद्यार्थ्यांना खेड्यात राहून काम करावे लागते. आपल्या गावी अशा विद्यार्थिनी आल्या, तर त्यांना गोधड्या शिवणाऱ्या आजींच्या आणि तांड्यावरील भगिनींच्या घरी अवश्य न्यावे.

ज्यांचा ओढा शुद्ध कलेकडे आहे, त्यांच्यासाठी मुंबईची सर ज. जी. कला संस्था आहे. १८५७ पासून चालत आलेल्या या संस्थेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथे वस्त्रकलेचा पदवी अभ्यासक्रम आहे. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापिलेल्या महिला विद्यापीठातही वस्त्रशास्त्र शिकविले जाते. चित्रकलेचा विद्यार्थी या क्षेत्रात कमी पडेल, अशी शंका कोणी घेऊ नये. नामवंत चित्रकार प्रभाकर बरवे हे ज. जी. चेच विद्यार्थी. त्यांनी १९६१ पासून १९८२ पर्यंत शासनाच्या विणकर सेवा केंद्रात काम केले. वाराणसीच्या विणकरांसाठी काम करता करताच त्यांची स्वतःची चित्रकलाही बहरत गेली.

खर्चाची चिंता पालकांना असते, आणि ती रास्तच आहे. ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांत संपूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४-२५ पासून अमलात आणला. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीच्या योजना आहेतच. कागदपत्रे वेळेवर नसल्याने सवलत हुकते, असे वारंवार घडते. उत्पन्नाचा व जातीचा दाखला बारावीच्या परीक्षेपूर्वीच काढून ठेवण्यास ग्रामपंचायतीने पालकांना मदत करावी.

आपण काय करावे

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती अशी की, शासकीय रेखाकला परीक्षांकडे केवळ दहावीच्या वाढीव गुणांचे साधन म्हणून पाहू नये. एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांतील संकल्पचित्राचा पेपर ही वस्त्ररचनेची पहिली पायरी आहे. ज्या विद्यार्थ्याचे संकल्पचित्र चांगले आणि गणितही बरे, त्याला या शिक्षणाची माहिती आवर्जून द्यावी. हा अभ्यास मुलींचाच, असे मानून मुलांना त्यापासून दूर ठेवू नये, आणि हा अभ्यास सोपा, असे सांगून मुलींना त्याकडे ढकलूही नये.

पंचायत सदस्यांनी गावातील हस्तकलेची एक साधी नोंदवही ठेवावी. वस्त्राचे नाव, करणाऱ्या व्यक्तीचे नाव व वय, वापरलेले साहित्य, टाक्यांची किंवा नक्षीची स्थानिक नावे आणि तिच्या संमतीने घेतलेले एक छायाचित्र, एवढे पुरे. यासाठी वेगळा निधी लागत नाही. अधिकारी मित्रांनी गणवेश, सतरंज्या, पडदे यांची खरेदी करताना कापडाचा दर्जा, रंगाचा पक्केपणा व मापे यांच्या अटी स्पष्ट लिहाव्यात आणि त्या पूर्ण करणाऱ्या स्थानिक गटांना संधी द्यावी. शिकलेल्या हाताला काम मिळाले, तरच पुढचा हात शिकावयास निघतो.

ती गोधडीवाली मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षी आपल्या आजीला एकदा महाविद्यालयात घेऊन आली होती. भिंतीवर आजीच्या टाक्यांचा मोठा आलेख लावलेला होता. आजीने तो बराच वेळ निरखून पाहिला आणि एका जागी बोट ठेवून म्हणाली, “इथं चुकलंय. ही ओळ आत वळायला पाहिजे.” आम्ही मूळ गोधडी उघडून पाहिली. चूक आमची होती. आलेख दुरुस्त केला आणि त्याखाली आजीचे नाव लिहिले.

आपल्या जिल्ह्यात अशा आजी गावोगाव आहेत, आणि त्यांच्या नाती आज आपल्या शाळांतून शिकत आहेत. कापसाची गाठ बाहेर जाईल, ती जावो. परंतु त्या कापसाचे वस्त्र करण्याची विद्या येथेच राहावी आणि वाढावी, यासाठी आपण यंदाच्या प्रवेशापूर्वी आपापल्या गावातील निदान एका मुलामुलीशी बोलावे, एवढे आवाहन करून मी आपली रजा घेते.